विहिरीच्या तळाशी राहणारे शेजारी

डिसेंबर २०२०. केरळमधल्या चेंगन्नूर गावात एका निवृत्त सैनिकाला आंघोळीच्या बादलीत लाल दोऱ्याचा बारीकसा तुकडा दिसला. घरच्याच विहिरीचं पाणी, मोटारीने टाकीत चढवलेलं आणि टाकीतून नळाला आलेलं. नीट निरखून पाहिलं तर दोरा वळवळत होता. दुसऱ्या कुणी ते पाणी मोरीत ओतून दिलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. त्यांनी मात्र तो जीव जपून ठेवला आणि जाणकारांपर्यंत पोचवला. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली: ‘पँजिओ पाताल’. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा, सापासारखा लांबट, लालगुलाबी अंगाचा हा मासा जगाला पहिल्यांदा दिसला तो न्हाणीघरात.

नवा प्राणी शोधायचा म्हणजे घनदाट जंगलात किंवा खोल समुद्रात जायला हवं, असं आपण गृहीत धरतो. भूजलातल्या माशांच्या बाबतीत हे गणित उलटं आहे. तिथे शास्त्रज्ञाला उतरता येत नाही, कॅमेरा सोडता येत नाही, जाळं टाकता येत नाही. त्या जगाला आपल्याकडे उघडणारी खिडकी एकच, घरामागची विहीर. आणि त्या खिडकीशी रोज उभं राहतं ते पाणी भरणारं, भांडी घासणारं, टाकी धुणारं माणूस.

जांभ्याच्या पोटातली दुनिया

केरळच्या मध्य आणि उत्तर भागातली जमीन बरीचशी जांभ्या दगडाची आहे. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने मूळ खडक झिजला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र दगड झाला. स्पंजासारखी त्याला आतून असंख्य भोकं आणि नळ्या असतात. पावसाचं पाणी त्यांतून झिरपत खाली साठतं. विहीर खणताना आपण या साठ्यालाच हात घालतो. आपल्या लेखी तो पाण्याचा साठा. काही प्राण्यांचा मात्र तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मुलूख आहे.

तिथे उजेड नाही, म्हणून वनस्पती नाहीत, शेवाळही नाही. वरून झिरपून येणारा पालापाचोळ्याचा अंश, त्यावर वाढणारे जीवाणू आणि ते खाणारे अगदी बारीक कवचधारी जीव, एवढ्याच शिदोरीवर इथला मासा जगतो. अन्न कमी, म्हणून शरीर लहान. मागूरच्या कुळातले ‘होराग्लॅनिस’ मासे घ्या. लांबी जेमतेम दीड इंच, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, डोळ्यांचा पत्ता नाही. त्वचेत रंगद्रव्य नसल्यामुळे आतलं रक्त दिसतं आणि सगळा मासाच लालभडक वाटतो. चवीची आणि स्पर्शाची जाण देणाऱ्या मिशांनी चाचपडत तो भेगांमधून वाट काढतो.

डोळे गेले कसे? ‘वापर नाही म्हणून झडले’ हे उत्तर तोंडावर येतं, पण उत्क्रांती अशी चालत नाही. उजेडात राहणाऱ्या माशात डोळा बिघडवणारा जनुकीय बदल झाला, तर तो मासा शत्रूच्या तोंडी जातो, उपाशी मरतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरत नाही. काळोखात अशा बिघाडाने काहीच अडत नाही. बिघाड साचत जातात. शिवाय डोळा आणि त्याला जोडलेला मेंदूचा भाग सतत ऊर्जा खातो. जिथे कण कण अन्नासाठी झगडायचं, तिथे हा खर्च वाचवणारा मासा उलट फायद्यात राहतो. त्वचेतल्या रंगाचंही तसंच. ऊनच नाही, तर उन्हापासून रक्षण कशाला?

लोकांनी शोधलेला मासा

‘होराग्लॅनिस’ची पहिली जात १९५० मध्ये नोंदवली गेली. त्यानंतर २००४ मध्ये दुसरी आणि २०१२ मध्ये तिसरी. साठ वर्षांत तीनच, कारण हा मासा शोधायला जावं तर सापडत नाही. तो आपण होऊन वर आला तरच दिसतो. कोचीच्या केरळ मत्स्यविज्ञान व सागरी अभ्यास विद्यापीठातले राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग वेगळा मार्ग धरला. त्या चमूत पुण्याच्या आयसरमध्ये काम केलेले नीलेश डहाणूकरही होते. त्यांनी लोकांनाच सामील करून घेतलं. गावोगावी माणसांना या माशांची ओळख करून दिली. विहीर उपसताना, टाकी धुताना, नळाखाली बादली लावताना काही वळवळताना दिसलं तर फोटो काढा आणि कळवा, एवढीच विनंती केली.

सहा वर्षं हे काम चाललं. शेजाऱ्यांच्या गप्पांत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्या पाण्यात हे काय आलंय बघा’ म्हणून फिरणारे फोटो आणि व्हिडिओ अभ्यासकांपर्यंत पोचू लागले. त्यांतून ४७ नव्या ठिकाणांची नोंद झाली आणि ६५ नवे जनुकीय क्रम हाती आले. २०२३ मध्ये चौथी जात जाहीर झाली, ‘होराग्लॅनिस पॉप्युली’. ज्या सामान्य लोकांनी तिला उजेडात आणलं, त्यांच्याच सन्मानार्थ हे नाव ठेवलं गेलं. आणखी एक गोष्ट उघड झाली. वरवर एकसारखे दिसणारे हे मासे जनुकांच्या पातळीवर एकमेकांपासून बरेच दूर गेलेले आहेत. पाताळातल्या अंधाराने सगळ्यांना एकाच साच्यात ठेवलं, वंश मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेले.

अशा कथा आणखीही आहेत. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका विहिरीतून इंचभर लांबीचा, पाठीवर पर नसलेला मासा मिळाला. भुजिया शेवेशी असलेल्या साम्यावरून २०१९ मध्ये त्याचं नाव ‘पँजिओ भुजिया’ ठेवलं. २०१८ च्या महापुरानंतर मलप्पुरम जिल्ह्यातल्या भातखाचरात एक विचित्र लांबट मासा दिसला. समाजमाध्यमावर आलेला त्याचा फोटो अभ्यासकांनी पाहिला. तो मरळीचा दूरचा नातलग निघाला, पण इतका दूरचा की २०२० मध्ये त्याच्यासाठी माशांचं स्वतंत्र कुळच मांडावं लागलं.

मुंबईच्या पोटात

हे सगळं केरळचंच वैभव आहे असं समजू नये. २०२१ मध्ये प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी ‘रक्तामिक्थिस मुंबा’ या वामीसारख्या आंधळ्या माशाची नोंद केली. तो मिळाला जोगेश्वरीतल्या एका विहिरीच्या तळाशी, गाळात. मुंबादेवीच्या नावाने ओळखला जाणारा हा मासा अशा शहरात सापडला, जिथे जमिनीचा इंच इंच मोजून विकला जातो. विहिरी बुजवून वर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी काय काय गाडलं गेलं, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

भूजलातले प्राणी आपल्या कामाचेही आहेत. पाण्यातले सेंद्रिय कण आणि जीवाणूंचा थर खाणारे सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे मासे अशी साखळी तिथे चालते. जिथे ती शाबूत आहे, तिथलं पाणी जिवंत आहे. ही साखळी तुटायला फार काही लागत नाही. बोअरवेलचा बेसुमार उपसा, जांभ्याच्या खाणी, झिरपणारं सांडपाणी, विहिरीत ओतलेली ब्लीचिंग पावडर यांचा मार तिच्यावर बसतो. डासांसाठी सोडलेले गप्पीसारखे परके मासेही त्यात भर घालतात. काही जाती तर मोजक्याच विहिरींतून माहीत आहेत. तिथला झरा आटला तर ती जात कायमची जाईल, आणि गेल्याचं कुणाला कळणारही नाही.

कोकणात आणि गोव्यातही जांभा आहे, दारोदारी विहिरी आहेत, आणि दर उन्हाळ्यात गाळ काढायला माणसं विहिरीत उतरतात. पाहणी करण्यासाठी याहून चांगली संधी नाही. गाळ काठावर फेकण्याआधी त्यातला घमेलंभर पांढऱ्या टबात स्वच्छ पाण्यात सोडावा आणि थोडा वेळ थांबावं. टाकी धुताना बाहेर जाणाऱ्या पाण्याला फडकं लावावं. लाल, पांढरा किंवा बिनडोळ्यांचा जीव दिसलाच तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढावा आणि तारीख, गाव, विहिरीची खोली लिहून ठेवावी. जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग किंवा पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र यांना कळवावं. जीव जिवंत असेल तर तो काचेच्या टाकीत न ठेवता त्याच विहिरीत परत सोडावा.

यासाठी पदवी लागत नाही, प्रयोगशाळाही नाही. केरळातल्या शोधाची सुरुवात पाणी फेकण्याआधी क्षणभर थांबलेल्या माणसांनी केली. पाण्याशी रोजचा संबंध असलेलं प्रत्येक घर हे निरीक्षण केंद्र होऊ शकतं, आणि आपल्याकडे अशी घरं लाखांनी आहेत. त्यांतल्या काहींनी जरी या उन्हाळ्यात गाळ नीट पाहिला, तरी महाराष्ट्राच्या भूजलाबद्दल आजवर न कळलेलं बरंच काही कळेल. आणि कोणती विहीर बुजवायची, कोणती राखायची, हे ठरवताना आपल्या हाती निदान पुरावा असेल.