३६०० तासांची पदवी

तीन वर्षांच्या पदवीला आपल्याकडे आता १२० श्रेयांक लागतात. दूरशिक्षणाच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचन, व्याख्यानं ऐकणं, गृहपाठ, परीक्षेची तयारी असं सगळं त्यात आलं. म्हणजे पदवी ३६०० तासांची. वर्षाचे ५२ आठवडे एकही न चुकवता धरले, तरी तीन वर्षं दर आठवड्याला २३ तास द्यावे लागतात. कामगार कायद्यानं कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरवला आहे. दोन्ही मिळून झाले ७१. यात जाण्यायेण्याचा प्रवास धरलेला नाही. स्वयंपाक, मुलाची शाळा, सासऱ्यांना दवाखान्यात नेणं, यातलंही काही धरलेलं नाही.

‘नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी’ अशा जाहिरातींत हा गुणाकार कुणी करून दाखवत नाही. प्रवेश घेणारा फी विचारतो, मान्यता विचारतो, परीक्षा केंद्र कुठलं ते विचारतो. ते विचारायलाच हवं. पण इंटरनेट स्वस्त झालं, मोबाइल हातात आला, म्हणजे पदवी आवाक्यात आली, हा समज अर्धवट आहे असं मला वाटतं. पुस्तक घरी आलं, वर्ग घरी आला. वेळ मात्र शिकणाऱ्यानं स्वतःच कुठून तरी काढायचा, आणि तो बहुधा झोपेतून निघतो.

ब्रिटनमधल्या मुक्त विद्यापीठाचा हिशेब यासाठी पाहण्यासारखा आहे. रेडिओ-दूरदर्शनवरून शिकवणारं विद्यापीठ असावं, ही कल्पना मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी १९६३मध्ये मांडली. १९६९मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७१मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. रात्री-पहाटे बीबीसीवर लागणारे त्याचे पाठ २००६पर्यंत चालू होते. तिथली पदवी ३६० श्रेयांकांची आणि एक श्रेयांक १० तासांचा, म्हणजे बेरीज पुन्हा ३६००. फरक पुढे आहे. नोकरी करणाऱ्यानं वर्षाला ६० श्रेयांक घ्यावेत, सत्र चालू असताना आठवड्याला १६ ते १८ तास द्यावेत आणि सहा वर्षांत पदवी घ्यावी, ही तिथली सर्वसाधारण चाल आहे. सहा वर्षं लागली म्हणून तिथं कुणी मागे पडलेला ठरत नाही.

आपल्याकडेही सवलत आहे. १९८५मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. पण नियमात ती कमाल मुदत म्हणून येते, आणि घरात, ऑफिसात, शिकणाऱ्याच्या स्वतःच्या मनातही तीन वर्षं हाच मापदंड असतो. चौथं वर्ष लागलं की ‘अजून झालं नाही का?’ सुरू होतं. दोन पेपर राहिलेला माणूस याच टप्प्यावर पुस्तकं माळ्यावर टाकतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. २३ तासांचा आठवडा त्याच्याकडे कधी नव्हताच, आणि साडेअकरा तासांच्या आठवड्यात तो व्यवस्थित पदवीधर झाला असता.

महाराष्ट्रात कामकऱ्यांच्या शिक्षणाची सुरुवात घड्याळाचा विचार करूनच झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे तास आटोपून कचेरी गाठता यायची. माणूस कुठल्या वेळी मोकळा असतो हे आधी पाहिलं आणि वर्ग त्या वेळेला बांधला. मुंबई विद्यापीठाचं पत्रद्वारा शिक्षण १९७१चं. ‘बहिःस्थ’ म्हणून पदवीधर झालेली एखादी मावशी किंवा काका आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघतील.

१९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी त्याआधी पुणे विद्यापीठ सांभाळलं होतं, आणि पुढे ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं, शिकवणाऱ्याला ‘समंत्रक’ हे नाव, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं, ही सगळी रचना शाळा सुटलेल्या माणसाला समोर ठेवून केलेली. राज्यसेवेच्या अर्जाला पदवी लागते, बढतीला लागते. त्यासाठी हवालदार, कंडक्टर, अंगणवाडी सेविका, कारखान्यातले ऑपरेटर या वाटेनं आले.

या विद्यापीठाचं एखादं जुनं पाठ्यपुस्तक उघडून पाहावं. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं दिलेली असतात. दोन-चार पानं झाली की वाचकाला थांबवून स्वयंअध्ययनासाठी प्रश्न विचारतात आणि उत्तरं घटकाच्या शेवटी सापडतात. छपाई साधी, कागद साधा. पण ज्याच्या हाती एका वेळी अर्धाच तास आहे, त्याच्यासाठी ते लिहिलेलं आहे. कल्याणला गाडीत बसून ठाण्यापर्यंत एक तुकडा वाचून होतो आणि तो डोक्यात राहिला का, हेही कळतं. आजच्या कितीतरी ऑनलाइन शिक्षणक्रमांत वर्गातलं तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं चित्रित करून चढवलेलं असतं. मध्येच थांबलं तर धागा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं. तंत्र नवं असूनही ही मला पिछेहाट वाटते.

थेट वर्गाचंही तसंच. नाशिकजवळ अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा माणूस घ्या. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. रात्री आठचा ऑनलाइन वर्ग त्याला फर्स्टच्या आठवड्यात सापडतो. सेकंडला तो मशीनवर असतो. नाइटच्या आठवड्यात त्याच वेळी डबा भरून निघायची घाई असते आणि दिवसाची झोप आधीच अपुरी झालेली असते. नोकरी करणाऱ्या बाईचं काम पाळ्यांचं नसलं तरी संध्याकाळचे सहा ते दहा तिचे नसतात. ‘हवं तेव्हा शिका’ असं सांगणाऱ्या व्यवस्थेत ‘हवं तेव्हा’ म्हणजे घरातले सगळे झोपल्यावर, असाच अर्थ तिच्या वाट्याला येतो.

आयआयटी मद्रासनं २०२०मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिथली दोन गोष्टींतली स्पष्टता मला मोलाची वाटते. एका विषयाला आठवड्याला साधारण १० तास लागतील हे आधीच सांगतात, आणि एका सत्रात किती विषय घ्यायचे ते विद्यार्थ्यावर सोडतात. मध्येच थांबायची वेळ आली तर हाती प्रमाणपत्र किंवा पदविका पडते. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, समोरासमोर. २०२१मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या श्रेयांक बँकेत मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं जमा राहतात. बदली, बाळंतपण, आजारपण यांत वर्ष गेलं तरी आधीची मेहनत लगेच बुडत नाही. नोकरदारांपर्यंत ही माहिती पोचायला हवी.

मान्यतेच्या बाबतीत आळस करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत. यात ‘मान्यताप्राप्त’ला वजन आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांविरुद्ध निकाल दिला. २००१ ते २००५च्या प्रवेशांना पुन्हा परीक्षेची अट आली, नंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. खटल्याचं मूळ ओडिशातल्या एका महामंडळातल्या बढतीच्या वादात होतं. डिप्लोमावर लागलेल्या, नोकरी करता करता बी.टेक. झालेल्या माणसांचे कष्ट त्यात गेले. चूक संस्थांची, नुकसान शिकणाऱ्यांचं. म्हणून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ, तो विशिष्ट शिक्षणक्रम आणि ते विशिष्ट वर्ष, तिन्ही पाहूनच पैसे भरावेत.

आणि राहतो रजेचा प्रश्न. कामगार कायद्यात कामाच्या २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा आहे. वर्षभराची मिळून जेमतेम पंधरवडा होते. वर्षाचे सहा-आठ पेपर, आदल्या दिवसाची उजळणी, दुसऱ्या शहरातलं केंद्र, एवढ्यात ती संपते. गणपतीला गावी जायचं की पेपर द्यायचा, हा निर्णय दरवर्षी कामगार एकटा घेतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९७४मध्ये पगारी शैक्षणिक रजेचा करार केला, क्रमांक १४०. भारतानं तो स्वीकारलेला नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत कामगाराला शिक्षणासाठी वर्षाला साधारण पाच दिवस पगारी रजा कायद्यानं मिळते.

पाच दिवस ही फार मोठी मागणी नाही. शिकलेल्या माणसाचा फायदा कंपनीलाही होतो, मग परीक्षेच्या दिवसांचा भार तिनं थोडा उचलायला हरकत काय? विद्यापीठांकडूनही एवढी अपेक्षा आहे, की माहितीपुस्तिकेत फीच्या रकान्याशेजारी आठवड्याच्या तासांचा रकाना छापावा आणि तीन वर्षांच्या वेळापत्रकाबरोबर सहा वर्षांचंही द्यावं. तोवर प्रवेश घेणाऱ्यानं पहिल्या वर्षी निम्मेच विषय घेता येतात का, हे अभ्यासकेंद्रावर विचारावं, आणि परीक्षेचं वेळापत्रक लागताच त्याची प्रत जोडून रजेचा अर्ज लेखी द्यावा.