घाटात गाडी दमली, तेव्हा

आमच्या मेहुण्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. रेडिमेड कपड्यांची गाठोडी घेऊन ते आठवडी बाजार करतात. पूर्वी सारा प्रवास वडापने. क्लच दाबणे जमणारे नाही, त्यामुळे गाडी हा विषयच नव्हता. दोन वर्षांपूर्वी पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली. या गाडीत डाव्या पायाला काम नाही. जामीन अर्थातच आम्ही!

गेल्या पावसाळ्यात साखरप्याहून मलकापूरला परत येताना आंबा घाटाच्या चढाला इंजिन ओरडू लागले, पण गाडी पुढे सरकेना. मागे ट्रकांची रांग, गाडीत भिजू न देण्याचा माल. कशीबशी घरी आली. एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितले, "गिअरबॉक्स गेला, दुसरा बसवा." त्याने सांगितलेला आकडा शिल्लक कर्जापेक्षा मोठा होता. मेहुणे एवढेच म्हणाले, "दाजी, हप्ता कसा भरायचा?" जामीनदाराची झोप उडाली, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही पडलो कारकून. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. गाडीच्या खणात कंपनीचे इंग्रजी पुस्तक होते, ते मुलीला घेऊन वाचून काढले. त्यात गिअरच्या ऑईलचे अख्खे पान होते. ते ऑईल गाडी घेतल्यापासून कोणी पाहिलेसुद्धा नव्हते.

साध्या गिअरबॉक्समध्ये ऑईल फक्त वंगणाचे काम करते. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑईल कामगार आहे. इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच फिरते, त्याच्याच दाबाने आतील क्लचच्या चकत्या घट्ट धरल्या जातात आणि उष्णताही तेच वाहून नेते. ऑईल कमी झाले, करपले किंवा फिल्टर तुंबला की दाब पडतो, चकत्या घसरतात. इंजिन ओरडते, गाडी जागची हलत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलमध्ये अशी गाडी मोठ्या प्रमाणावर विकायला काढली. त्या काळी या ऑईलमध्ये चक्क व्हेल माशाचे तेल मिसळत आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चालू होते. असो.

तपासणी घरी करता येते. गाडी सपाट जागी उभी करावी, थोडी फिरवून गरम झालेली असावी. ब्रेक दाबून गिअरचा दांडा सर्व खुणांवरून एकदा फिरवावा, मग पुस्तकात सांगितलेल्या खुणेवर आणावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढतात, काहींत बंद करून. म्हणून पुस्तक पाहावेच. पट्टी धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून परत घालावी व पाहावी. चांगले ऑईल बहुधा लालसर व पारदर्शक असते. तपकिरी-काळे आणि करपल्याचा वास म्हणजे चकत्या जळत आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर आत पाणी शिरले आहे, गाडी चालवूच नये. काही नव्या गाड्यांना पट्टीच नसते, ते काम गॅरेजचे.

आमच्या पट्टीवर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली, आणि रंग कोऱ्या चहासारखा.

मग कोल्हापूरला अशा गाड्यांचे काम जाणणारे एक मिस्त्री गाठले. त्यांच्याकडे खाली उतरायचा खड्डा आहे. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक सुटला तर माणूस उरत नाही.) त्यांनी ऑईल थोडे निवू दिले, बूच काढून खाली भांडे धरले, मग तळाचे ताट उतरवले. ताटातल्या लोहचुंबकावर करडा बारीक चिखल होता. मिस्त्री म्हणाले, "हे चालतंय. लोखंडाचे तुकडे निघाले असते तर मीच गिअरबॉक्स खोला म्हटलं असतं." आमचा जीव भांड्यात पडला. जुना फिल्टर काढून नवा बसला, ताटाचे गॅस्केट नवे लावले, बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळले.

ऑईल भरताना मात्र घाई नको. टॉर्क कन्व्हर्टरमधले ऑईल बुचातून येत नाही, म्हणून एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच बदलते. निघालेले मापून तेवढेच, शिवाय आमच्यासारखी आधीची तूट असेल तर तीही, पट्टी पाहत पाहत भरायचे. जास्त झाले तर फेस येतो आणि फेसाने दाब पडतो. पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच ऑईल घ्यावे, "सगळे सारखेच" म्हणणाऱ्याचे ऐकू नये. हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलले.

सगळा खर्च दोन हप्त्यांपेक्षा कमी आला. गाडी घाट चढते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना हलका झटका अजून बसतो. मिस्त्रींनी तो जाईलच असे सांगितलेले नाही. उतरताना मेहुणे दांडा खालच्या गिअरला ठेवतात, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

ज्यांच्या नव्या गाडीवर एएमटी लिहिले आहे, त्यांनी हे सारे जसेच्या तसे लावू नये. आपल्याकडे २०१४ पासून आलेल्या या गाड्यांत आत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. तिचे ऑईल वेगळे. आणि कोणतीही ऑटोमॅटिक बंद पडली तर इंजिनची ताकद ज्यांना मिळते ती चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नये. इंजिन बंद असताना ऑईलचा पंप फिरत नाही, आत कोरडे घासते. ती चाके उचलणारी गाडीच बोलवावी.

काढलेले काळे ऑईल मिस्त्रींकडच्या पिंपात गेले, जुने ऑईल नेणारे तेथून नेतात. आमच्याकडे ते गटारात ओतायची पद्धत आहे. पण गटाराचे पाणी ओढ्याला, ओढ्याचे कडवीला आणि कडवीचे वारणेला जाते.

मेहुण्यांच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही तारीख, किलोमीटर आणि ऑईलचे नाव लिहून ठेवले आहे. पट्टी दर महिन्याला हप्त्याच्या दिवशी पाहायची, असे ठरले आहे.