सर्पगंधेची मुळी, ससे आणि मनाच्या आजारावरची गोळी

बिहारमध्ये सर्पगंधेची मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे. जुने ज्ञान आहे, परंतु जुने म्हणून खरे असे होत नाही. ते तपासावे लागते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नोंदविला. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले. मुळीत द्रव्ये अनेक; त्यांतले गुण देणारे कोणते, हे प्राण्यांना देऊन पाहिल्यावरच ठरले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील अनुभव जाहीर केले.

पण ते काम कसे करते? १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले! त्यातून मेंदूतील डोपामिनचे महत्त्व कळले, कंपवाताला औषध मिळाले, आणि भास-भ्रमावरच्या गोळ्यांचे कार्यही पुढे याच वाटेने उलगडले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. रिसर्पिन दिलेल्या उंदरांच्या पापण्या मिटतात, अंग गार पडते. हे रोखणारे द्रव्य उदासीनतेवर चालेल काय, अशी परीक्षाही रूढ झाली.

गागोदे बुद्रुकच्या बाजूच्या एका वस्तीत एका तरुणाने आईच्या गोळ्या बंद केल्या होत्या. बाईंना आवाज ऐकू येत, ते गोळ्यांनी थांबले होते. “उंदराचं औषध माणसाला कसं लागू पडंल?” हा त्याचा सवाल. भगताने तो भरवला असला, तरी सवाल खोटा नाही. कानात आवाज येतात हे उंदीर सांगू शकत नाही. उदासीनतेवरील इमिप्रामिनचा गुण १९५६ मध्ये डॉ. रोलंड कून यांना रुग्णांकडे पाहूनच उमगला. प्राण्यांवरून विषारीपणा व मेंदूतील क्रिया यांचा अंदाज येतो. गुण येतो की नाही, हे शेवटी माणसातच ठरते.

प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे शील घेणाऱ्यांना हे बोचणारच, बोचावेही. १९६० च्या कायद्याने व १९९८ च्या नियमांनी अशा प्रयोगांवर देखरेख आहे. पण ही पायरीच गाळली, तर नवे द्रव्य पहिल्यांदा कोणाला टोचले जाईल? मनोरुग्णालयातल्या, ज्याला विचारायला कुणी येत नाही अशा गरिबालाच, असे मला वाटते.

त्या घरात आवाज परतले, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. घरी सर्पगंधेची मुळी उगाळून देण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. रक्तदाब एकदम खाली जातो, आणि रिसर्पिनने काही रुग्णांना उदासीनताच आल्याची नोंद आहे. शंका असल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विचारता येते, फोन मोफत आहे.