विरजणातले जिवाणू आणि सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी



मृगाचे दिवस जवळ आले की आपल्या गटांच्या बैठकीत एकच हिशोब सुरू होतो. बियाण्याला किती लागणार, खताला किती लागणार आणि गटातून कर्ज किती उचलायचं. म्हणून आज आम्ही अशा मजुरांबद्दल बोलणार आहोत, जे डोळ्यांना दिसत नाहीत, पण घरात आणि रानात आपलं काम करतात. ते म्हणजे जिवाणू आणि यीस्ट.

जिवाणू म्हटलं की जुलाब, टायफॉईड, क्षय आठवतो. तेही खरंच आहे. म्हणून तर आपण पाणी उकळतो, हात धुतो. पण सगळेच जिवाणू वैरी नसतात. काहींना आपण रोज रात्री स्वतःच्या हातानं कामाला लावतो. विरजण लावतो, ते दुसरं काय?

चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. कोमट दुधात पडले की ते दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दूध आंबट होतं आणि घट्ट बसतं. दुधाचं आम्ल होण्यामागे सजीव आहेत, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये मांडलं. आपल्या आज्या-पणज्यांना जिवाणू हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांना सांभाळायचं कसं हे पक्कं माहीत होतं. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, कारण जिवाणू मरतात. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळावं लागतं, कारण ऊब नसली तर ते सुस्त पडतात. अन्न, ऊब आणि वेळ, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे रानातही याच कामाला येणार आहेत.

आता येळवस घ्या. वेळ अमावास्येला धाराशिव-लातूरकडचं घर न् घर रानात जातं. पांडवांची पूजा होते आणि भज्जीबरोबर आंबील असते. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवायचं काम आधीच सुरू होतं. तिथेही हेच आंबट करणारे जिवाणू राबतात. त्यांच्या आम्लामुळे नासवणाऱ्या पुष्कळ जिवाणूंना जागाच मिळत नाही. म्हणून साध्या दुधापेक्षा ताक आणि दही जास्त टिकतं. मात्र दह्यावर काळी, हिरवी किंवा लालसर बुरशी दिसली, तर वरचं काढून खालचं खाऊ नका. सगळं टाकून द्या.

यीस्ट ही बुरशीच्या घराण्यातली. ती साखर खाते आणि दोन गोष्टी सोडते : वायू आणि अल्कोहोल. पावाच्या पिठात वायू अडकतो म्हणून पाव फुगतो. अल्कोहोल भट्टीच्या आचेनं उडून जातं. साखर कारखान्यात उलट आहे. तिथे वायू नको, अल्कोहोल हवं असतं. उसाच्या रसातून साखर काढली की काळा घट्ट पाक उरतो, त्याला मळी किंवा मोलॅसिस म्हणतात. त्यात पाणी आणि यीस्ट घालतात. यीस्ट उरलेली साखर खाऊन अल्कोहोल करते. ते वेगळं काढून, त्यातलं पाणी घालवलं की इथेनॉल होतं. आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. म्हणजे गावातून जाणाऱ्या मोटारसायकलीच्या टाकीतसुद्धा यीस्टची मजुरी आहे.

आता मुद्द्याचं बोलू, सोयाबीनचं. आपल्या जिल्ह्यात खरिपाचं मोठं पीक तेच. पिकाला नत्र लागतं, म्हणून आपण खताची गोणी आणतो. खरं तर हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण ते झाडाला थेट घेता येत नाही. रायझोबियम नावाचे जिवाणू ते काम करतात. ते मुळात शिरतात, तिथे गाठी होतात. झाड त्यांना साखर देतं आणि ते हवेतलं नत्र झाडाला देतात. सोयाबीनला लागणारं साधारण निम्मं नत्र अशा रीतीनं मिळू शकतं. बियाण्याला हे जिवाणू चोळायचे, यालाच जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया म्हणतात.

एकरी ३० किलो बियाणं धरलं, तर पावडरीची २५० ग्रॅमची तीन पाकिटं लागतात, म्हणजे १० किलोला एक. द्रवरूप असेल तर बाटलीवरचं प्रमाण वाचा. हा माल परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तयार करतं. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. घेताना तीन गोष्टी वाचा : पिकाचं नाव, वापरायची शेवटची तारीख आणि प्रमाण. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. प्रत्येकाचे जिवाणू वेगळे.

पद्धत अशी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते हातमोजे घालून आधी लावा आणि सुकू द्या. जिवाणू नेहमी शेवटी. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, गरम पाण्यात ते विरजणासारखेच मरतील. त्यात पावडर कालवा आणि सावलीत, बियाण्याला हलक्या हातानं लावा. सोयाबीनची साल पातळ असते, जोरात चोळली की सुटते आणि उगवण घटते. म्हणून पाणीही बेतानंच घ्या. बियाणं सावलीतच सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकीट उन्हात, पत्र्याखाली किंवा युरियाच्या गोणीवर ठेवू नका.

काम झालं की नाही, हे कसं कळेल? पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी खुरप्यानं मातीसकट एक झाड काढा. मुळाच्या गाठी कापून पाहा. आतून गुलाबी-लाल असतील तर जिवाणू कामावर आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाहीत. अशा वेळी खताचा निर्णय कृषी सहायकाला विचारून घ्या. भरमसाट युरिया टाकलं तर झाड गाठी करायचाच कंटाळा करतं, हेही ध्यानात ठेवा.

एक सावधगिरी. जिवाणू जादू करत नाहीत. स्फुरद, पालाश आणि पुरेसा पाऊस लागतोच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. आणि कुणी बिनलेबलचा डबा "सगळ्या पिकांना चालतो" म्हणून महाग विकत असेल, तर गटाचा पैसा त्यात घालू नका.

बियाणं निवडायचं, चोळायचं, सुकवायचं काम बहुतेक घरांत आपणच करतो. मग पाकिटावरचं वाचायचं आणि कुठलं आणायचं हे ठरवायचं कामही आपलंच. येत्या बैठकीत गटानं मिळून यादी करा, कुणाच्या किती एकराला किती पाकिटं लागतील. एकत्र आणा, सावलीत ठेवा, एकमेकींना हात लावा. थोडी जागा बिनप्रक्रियेची ठेवून पाहा आणि दोन्हीकडच्या गाठी मोजा. काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.