जयंतीचा रंग यंदा छपरालाही द्या



दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. जालना तालुक्यातल्या एका वस्तीत मी बाळंतिणीला भेटायला गेले होते. घर एका खोलीचे, वर निळा पत्रा, खिडकी बंद, तीही पश्चिमेला. बाजेखाली शेगडी नव्हती एवढेच नशीब. अकरा दिवसांचे लेकरू दोन दुपट्यांत गुंडाळलेले आणि डोक्याला टोपडे. आजी म्हणाली, "सिस्टर, सकाळपासून लेकरू लई तापलंय बघा. कुणाची तरी नजर लागली." थर्मामीटर लावला, तर 101. मी दुपटी सोडली, टोपडे काढले, माय-लेकराला बाहेर लिंबाखाली आणले आणि आईला अंगावर पाजायला लावले. तासाभरात ताप उतरला. तरी त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात पाठवले, कारण महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप कधीही घरी ठेवायचा नसतो, मग तो उतरलेला का असेना. तपासण्या चांगल्या आल्या. लेकराला दुखणे नव्हते. खोली तापली होती आणि खोलीने लेकरू तापवले होते.

आरोग्याच्या पानावर घर बांधण्याच्या गोष्टी कशाला, असे कुणी विचारू नये म्हणून हे आधी सांगितले.

अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशांवर गेला होता. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा 1,344 माणसे जास्त मेली, असे नंतर अभ्यासकांनी हिशेब करून दाखवले. तिथल्या शारदाबेन रुग्णालयाची गोष्ट मला नर्स म्हणून कायम आठवते. बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, डांबर लावलेल्या काळ्या छताखाली. उन्हाळा वाढला की उष्णतेने आजारी पडलेली नवजात बाळे अतिदक्षता विभागात वाढत. पुढे वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला आणि असे दाखले निम्म्याहून खाली आले. त्यासाठी नवे औषध लागले नाही की नवे यंत्र. फक्त तापलेले छत डोक्यावरून दूर गेले. आपल्या घराला खालचा मजला नाही. म्हणून छतच कमी तापेल असे करायचे.

पत्रा पातळ असतो. ऊन पडले की काही मिनिटांत तापतो आणि ती धग खाली फेकतो. दुपारी बाहेर 42 असेल तर पत्र्याखाली त्याहून जास्त असते. आपले शरीर घाम वाळवून थंड होते, पण कोंदट खोलीत घाम वाळत नाही. वर 40 अंशांच्या पुढे पंखा गार हवा देत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. म्हातारी माणसे, गरोदर बायका, तान्ही लेकरे, बीपी-शुगरचे आणि डोक्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना हा त्रास आधी होतो. अंग चटका बसेल इतके तापले आणि माणूस बरळायला लागला, चालताना झोक जायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच 108 ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

जुनी माणसे म्हणतात, धाब्याचे घर गार असायचे. खरे आहे. जाड मातीचे छत दिवसभराचे ऊन वरच्यावर अडवत होते. पण एक तर धाबे गावातल्या वाड्यांना होते. आपल्या वस्तीत कूड आणि वर गवत किंवा पाचट असायचे. दुसरे, दरवर्षी धाब्यावर मातीचा नवा थर पडायचा आणि वजन वाढत जायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. तेव्हापासून मराठवाडाभर धाब्याची धास्ती बसली आणि डोक्यावर हलका पत्रा बरा वाटू लागला. ती धास्ती चुकीची म्हणता येणार नाही. पण पडणाऱ्या घरापासून वाचताना आपण तापणाऱ्या घरात आलो.

आता उपायाकडे येते. सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. वैशाख पौर्णिमेला आपण पांढरे नेसून विहारात जातो. त्या उन्हात काळी साडी नेसून गेलेलीला फरक विचारा. छपराचेही तसेच आहे. पांढरा रंग ऊन परत फेकतो, गडद रंग पिऊन घेतो. अहमदाबाद महापालिकेने 2017 मध्ये गरीब वस्त्यांतल्या सुमारे तीन हजार छपरांना पांढरा रंग दिला. तेलंगण सरकारने तर 2023 मध्ये थंड छतांचे धोरणच आणले. अशा रंगाने घरातले तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. आकडा लहान वाटेल, पण 42 आणि 38 मधला फरक तान्ह्या लेकराला कळतो.

जयंतीला आपण घराला रंग देतोच. 14 एप्रिलनंतर लगेच मे येतो, म्हणजे वेळही नेमकी हीच आहे. पुढच्या भिंतीच्या रंगातून थोडे वाचवा आणि छपरावर घाला. सिमेंटच्या स्लॅबला चुना चालतो. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, त्यात फेव्हिकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. पावसाळ्यात तो निघतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. लोखंडी पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही. तिथे गंज घासून, प्रायमर लावून पांढरा ऑइलपेंट किंवा छतासाठी मिळणारा पांढरा रंग लावावा. एकदाच खर्च करायची ऐपत असेल तर स्लॅबवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवावेत. फरशीच्या दुकानामागे ढीग पडलेला असतो, विचारले तर बहुतेक वेळा फुकट मिळतो.

नवा पत्रा घेणाऱ्यांना एक सांगते, राग मानू नका. आपल्या वस्त्यांत निळा पत्रा आवडीने टाकतात. निळा रंग माझ्याही काळजाचा आहे. पण तो झेंड्यावर ठेवू, छपरावर पांढराच बरा.

चढताना मात्र जपून. सकाळी लवकर चढा, पाय पत्र्यावर न ठेवता खाली जिथे पाइप किंवा वासा आहे तिथे फळी टाकून ठेवा. पत्रा मोडून पडलेली माणसे मी वॉर्डात पाहिली आहेत, त्यातली काही पुन्हा उभी राहिली नाहीत. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर चोळू नका. वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. आणि सिमेंटचे पत्रे असतील तर ते तारेच्या ब्रशने घासू नका, कापू नका, फोडू नका. त्यांत ॲसबेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात गेले तर वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. ओले करून हलक्या हाताने पुसा आणि रंगवा.

पत्र्याखाली आतून तट्ट्याचे छत बांधले आणि मध्ये वीतभर पोकळी ठेवली तर आणखी उतार पडतो. पोकळीची दोन्ही टोके उघडी हवीत, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते. थर्माकोल लावू नका. तो भडकन पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. चुलीवर आणि उघड्या वायरीखाली तट्ट्याही नको. काहीच जमत नसेल तर पत्र्यावर तुराट्या पसरून दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल चढवा. मोरीचे पाणी त्याला पुरते. निवडणुकीनंतर मिळालेले फ्लेक्सही चालतात, फक्त पुढाऱ्याचे तोंड खाली आणि पांढरी बाजू वर.

ज्यांना घरकुल मंजूर झाले आहे त्यांनी पुढचे नीट वाचा, कारण एकदा बांधलेली भिंत पुन्हा कोण पाडणार? रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी 2008 पासून आहे. घर 269 चौरस फुटांचे. एवढ्याशा जागेत खिडकी कुठे, हाच खरा प्रश्न असतो. पण अनुदान हप्त्याने येते, सिमेंट-वाळूला पैसे पुरत नाहीत, आणि सगळ्यात आधी खिडकी कापली जाते. मी म्हणते, पुढची फॅशनची टाइल कापा. समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या असतील तरच वारा वाहतो. एकच खिडकी असेल तर हवा आत येऊन थांबते. बाजूला भावकीच्या भिंती चिकटलेल्या असतील तर समोर खिडकी आणि मागच्या भिंतीत छताजवळ जाळी ठेवा. गरम हवा वर चढते, तिला वरून वाट हवी. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येते, तिकडे मोरी, कोठी किंवा लिंबाचे झाड येऊ द्या, पाळणा नको. आणि स्लॅब पडला म्हणजे घर गार झाले, असे समजू नका. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री अंगावर सोडतो. रंग त्यालाही लागतो.

विटा वाचवायच्या असतील तर मिस्त्रीला लॉरी बेकर यांची पद्धत विचारा. हा इंग्रज वास्तुविशारद 1945 मध्ये कुष्ठरुग्णांच्या इमारती बांधायला भारतात आला आणि पुढे केरळात राहून गरिबांची घरे बांधत राहिला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, म्हणजे भिंतीत पोकळी राहते. साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता आत कमी येते. कोपरे मात्र भरीव ठेवून त्यात सळई टाकायची. किल्लारी विसरायची नाही. आपल्याकडचे मिस्त्री आधी नाही म्हणतील. ज्याने असे काम केले आहे त्याच्याकडूनच करून घ्या, शिकाऊ हात आपल्या घरावर नको.

वरची जाळी नुसत्या उन्हासाठी नाही. चुलीच्या धुराने लेकरांना न्यूमोनिया होतो, बायकांना दमा लागतो, गरोदरपणी बाळाचे वजन कमी भरते. गॅस आहे पण सिलिंडर परवडत नाही म्हणून पऱ्हाट्या जाळणाऱ्या घरी मी रोज जाते, त्यांना दोष देत नाही. निदान चूल जाळीखाली आणा किंवा धुराडे काढा. क्षयाचे जंतूही हवेतूनच पसरतात. कोंदट खोलीत एक खोकला की सगळ्यांना धोका. वाहत्या हवेत तो बराच कमी होतो.

आता कूलर. जालन्यात नळाला पाणी कधी येते ते मी सांगायला नको. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवली नाही तर डेंग्यूचे डास तिथेच होतात. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या हाताने शिवणे जिवावर बेतते. पाणी भरताना प्लग काढूनच भरा. पंखा बदलायचा झाला तर कमी वॉटचा, बीएलडीसी नावाचा घ्या. जुना 75 वॉटचा पंखा सोळा तास चालला तर महिन्याला 36 युनिट खातो, 28 वॉटचा साडेतेरा. महिन्याला शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर दुपटीच्या आसपास जातो, म्हणून ही बावीस युनिटे मोलाची.

त्या अकरा दिवसांच्या लेकराच्या घरी मी नंतर पुन्हा गेले. पत्रा पांढरा झाला होता. मागच्या भिंतीत वर चार विटा काढून जाळी बसवली होती. आजी म्हणाली, "सिस्टर, जाळीतून चिमण्या येतात वो." मी म्हटले, येऊ द्या, पण जाळी बुजवू नका. पाळणा आता पूर्वेच्या भिंतीला होता.