ऋणाचा सदुपयोग: बांगलादेशांतील एक उदाहरण



‘बँक’ हा शब्द कानांवर पडला कीं ठेवी, व्याज, तारण आणि जामीन यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्याच्याजवळ कांहीं आहे त्यालाच बँक दारांत उभें करते, असा आपला अनुभव. मग ज्या देशाजवळ फारसें कांहींच नाहीं त्याला कर्ज देणारी बँक कोणती, आणि तिच्या कर्जानें दारिद्र्य हटतें तरी कसें, असा प्रश्न मनांत सहज येतो. बांगलादेशांतील एका उदाहरणावरून आज त्याचा विचार करावयाचा आहे.

इ. स. १९४४ सालीं अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें भरलेल्या परिषदेंत जागतिक बँकेचा पाया घातला गेला. महायुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशांची पुनर्घटना हें तिचें प्रारंभींचें कार्य; तिचें पहिलें कर्ज १९४७ मध्यें फ्रान्सला मिळालें. परंतु घर जळालेल्या सधन गृहस्थाला कर्ज देणें निराळें, आणि ज्याला घर बांधण्याचें सामर्थ्य कधीं लाभलेंच नाहीं त्याला देणें निराळें. हा भेद ओळखून १९६० सालीं त्याच बँकेच्या छत्राखालीं आंतरराष्ट्रीय विकास संघटना स्थापन झाली. त्या काळीं तिचा पैसा मुख्यतः सधन राष्ट्रें वर्गणीच्या रूपानें देत. बांगलादेशाला गेल्या शतकाच्या अखेरीस तिच्याकडून मिळालेल्या ऋणाच्या अटी पाहा: व्याज नाहीं, वर्षाला शेंकडा पाऊण एवढेंच सेवाशुल्क, पहिलीं दहा वर्षें मुद्दलाची मागणी नाहीं, आणि संपूर्ण फेडीस चाळीस वर्षांची मुदत. सावकारी कर्जापेक्षां आपल्याकडील जुन्या तगाईशीं या ऋणाचें नातें अधिक जवळचें. मात्र तगाईप्रमाणेंच तेंही फेडावें लागतें. ती भिक्षा नव्हे.

बांगलादेश १९७१ सालीं स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षीं या बँकेचा सभासद झाला. चक्रीवादळ, युद्ध आणि १९७४ चा दुष्काळ यांनीं देश खचलेला होता. पुढें विकास-बँकांच्या पैशानें तेथें रस्ते झाले, वीज आली. १९९८ मध्यें यमुना नदीवर मोठा पूल उभा राहिला. परंतु मला पुलाची नव्हे, पंचवीस टक्यांची गोष्ट सांगावयाची आहे. टका म्हणजे त्या देशाचें नाणें. हीच गोष्ट मी कां निवडली, त्यालाही एक कारण आहे.

मी खेड्यांत शिक्षक असतांना सातवीच्या वर्गांत एक मुलगी होती. गणितांत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. जून महिन्यांत शाळा उघडली, ती आली नाहीं. मी घरीं गेलों. वडील म्हणाले, “गुरुजी, पुढची शाळा तीन कोसांवर. वह्या-कपड्यांचा खर्च वेगळा, आणि घरीं धाकट्यांना कोण सांभाळणार? शेवटीं ती परक्याचीच.” त्यांच्या हिशेबांत मला चूक दाखवितां आली नाहीं. मीं परत येऊन पटावरून तिचें नांव काढलें. त्या हिशेबाला उत्तर असूं शकतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं बांगलादेशाची हकीकत वाचतांना कळलें.

तेथें चांदपूर जिल्ह्यांतील शाहरास्ती या उपजिल्ह्यांत १९८२ सालीं एका स्थानिक संस्थेनें माध्यमिक शाळेंतील मुलींना विद्यावेतन देण्याचा प्रयोग आरंभिला. तो फलद्रूप होतांना दिसला, आणि १९९४ पासून देशाच्या सर्व ग्रामीण भागांत ही योजना लागू झाली. बहुतेक ठाण्यांचा खर्च बांगलादेश सरकारनें स्वतः उचलला. ११८ ठाण्यांचा विकास संघटनेच्या ऋणांतून झाला. कांहींचा भार आशियाई विकास बँकेनें व नॉर्वेनें घेतला. सहावीच्या मुलीला दरमहा पंचवीस टके, नववी-दहावींत साठ. शिवाय तिची फी परभारें शाळेला मिळे. अटी तीनच: शंभरांपैकीं पंचाहत्तर दिवस हजेरी, परीक्षेंत शेंकडा पंचेचाळीस गुण, आणि माध्यमिक परीक्षा होईपर्यंत विवाह न करणें.

या योजनेंतील मर्म रकमेंत नव्हतें. पैसे मुलीच्या स्वतःच्या नांवें बँकेंत जमा होत. ज्या घरांत कोणाचेंच खातें नव्हतें, तेथें अकरा वर्षांची मुलगी खातेदार झाली. पित्याच्या हिशेबांत आजवर जी केवळ खर्चाच्या बाजूला होती, ती प्रथमच जमेच्या बाजूला आली. आणि लग्न लांबविण्यास त्याला चारचौघांत सांगण्याजोगें कारण मिळालें.

परिणाम काय झाला? १९९१ सालीं माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या अकरा लाख होती. २००५ मध्यें ती एकोणचाळीस लाखांवर गेली. याचें सारें श्रेय विद्यावेतनाला देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. त्याच काळांत प्राथमिक शिक्षण वाढलें, भाताचें पीक वाढलें, कपड्यांच्या कारखान्यांत स्त्रियांना काम मिळूं लागलें, परदेशीं गेलेल्या मजुरांचा पैसा घरीं येऊं लागला. या सर्वांच्या योगानें दारिद्र्यांत राहणाऱ्यांचें प्रमाण २००० सालीं शेंकडा ४८.९ होतें, तें २०१६ मध्यें २४.३ वर आलें. उणीवही लपवूं नये: पटावर नांव आलें तरी दहावीच्या परीक्षेंत नापास होणाऱ्या मुली पुष्कळ निघाल्या, आणि बालविवाह त्या देशांतून अद्याप गेलेला नाहीं. पट भरणें पैशानें साधतें. विद्या शिक्षकानेंच द्यावी लागते.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पद्मा नदीवरील पुलासाठीं ठरलेलें १२० कोटी डॉलरांचें ऋण जागतिक बँकेनें भ्रष्टाचाराच्या संशयावरून २०१२ मध्यें रद्द केलें. त्या प्रकरणीं कॅनडांतील न्यायालयांत चाललेल्या खटल्यांतील आरोपी २०१७ मध्यें निर्दोष सुटले. दरम्यान बांगलादेशानें पूल स्वतःच्या पैशानें बांधावयास घेतला होता. तो २०२२ च्या जून महिन्यांत खुला झाला. देणाऱ्याचा हात आखडला असतांही घेणारा उभा राहूं शकला, ही गोष्ट लहान नव्हे.

ऋण काढून सण करूं नये, अशी आपल्याकडे शिकवण आहे, आणि ती खरी आहे. परंतु ऋण काढून पेरणी करणाऱ्यास कोणी मूर्ख म्हणत नाहीं. शाहरास्तीचें बीं घरचें होतें. बँकेच्या पैशानें त्याला खत मिळालें. खत कितीही घातलें तरी बीं नसेल तर तणच माजतें. १९९४ सालीं अकरा वर्षांची असलेली मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. चाळीस वर्षांच्या त्या ऋणाचा शेवटचा हप्ता जाईल तेव्हां ती पन्नाशीच्या घरांत असेल, आणि तिची मुलगी कदाचित् तिच्याहून पुढें शिकलेली असेल. विकास-बँकेच्या ऋणाचा खरा हिशेब तेव्हां, अशा घरांतूनच, मांडावा लागेल.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नव्हतें. आज तें आपल्यापुढें ठेवून मी आपली रजा घेतों.