शर्यतीच्या खेळांतील आभासी दृश्य

डोळ्यांवर हेडसेट चढवितांच आपण प्रत्यक्ष शर्यतीच्या मोटारींत बसलों आहों असा भास होतो. परंतु कन्सोलवरील शर्यतीच्या खेळांत हा भास पुष्कळदां तुटपुंजा कां असतो?

२०१७ सालीं प्लेस्टेशन ४ वर निघालेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ या खेळांत पडद्यावर अनेक मोटारी धांवत. हेडसेट घातला कीं समोर एकच प्रतिस्पर्धी उरे. याचें कारण असें: दोन डोळ्यांसाठीं दोन निरनिराळीं चित्रें काढावीं लागतात, आणि मान वळतांच तीं तत्क्षणीं बदलावीं लागतात. विलंब झाल्यास डोळे एक सांगतात, कानांतील तोल राखणारें इंद्रिय दुसरेंच सांगतें. मग मळमळ व घेरी येते. यास्तव सेकंदास निदान ६० चित्रें हवींत, असा सोनी कंपनीचा दंडक होता. यंत्राची शक्ति ठराविक; म्हणून मोटारी कमी केल्या, चित्रांची गति नव्हे.

२०२३ सालीं अधिक समर्थ प्लेस्टेशन ५ साठीं नवा हेडसेट आला. तो नजर ओळखतो. नजर जेथें असेल तेथेंच चित्र रेखीव, इतरत्र ढोबळ. या काटकसरीमुळें ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ जवळजवळ संपूर्ण आभासी दृश्यांत खेळतां येऊं लागला.

तथापि १२ वर्षांखालील मुलांनीं पहिला हेडसेट वापरूं नये, अशी कंपनीचीच सूचना होती, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. खेळणाऱ्याच्या प्रकृतीसाठीं निर्माते हात आंखडता घेतात. मग ईश्वरानें दिलेल्या नेत्रांसाठीं आपणही खेळाच्या वेळेस मर्यादा घालणें योग्य नव्हे काय?